ओहोळातून आलेली आग

मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या फायर स्टेशनवर मी बावीस वर्षं काढली. आधी फायरमन, मग गाडीचा ड्रायव्हर, शेवटी लीडिंग फायरमन, म्हणजे तुकडीचा प्रमुख. लोकांना वाटतं आमचं आयुष्य आगीत गेलं. खरं तर ते बहुतेक वाट पाहण्यात, होज धुण्यात आणि जबाब देण्यात गेलं. आगी तशा थोड्याच. त्यातली एक मात्र अशी, की तिचा जबाब मी अजून मनातल्या मनात देत असतो.

नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं होती. एप्रिल महिना. आमच्याकडे त्या दिवसांत राब भाजतात. पालापाचोळा, शेण, गवत शेतात पसरून पेटवायचं आणि पुढे त्याच जागी भाताचं रोप टाकायचं. मी स्वतः म्हशाकडच्या शेतकरी घरातला, त्यामुळे धूर दिसला म्हणून आमची धावपळ होत नसे. त्या महिन्यात सगळीकडेच धूर असतो.

सकाळी दहाच्या सुमाराला फोन आला. माळशेजच्या रस्त्यावर, वैशाखऱ्याच्या अलीकडे, टँकर उलटलाय. आत काय आहे ते फोन करणाऱ्याला सांगता येत नव्हतं. काळं आहे आणि घाण वास मारतंय, एवढंच तो म्हणाला.

आमचे तेव्हाचे लीडिंग फायरमन पन्नाशीचे होते. आम्ही त्यांना काका म्हणायचो. त्यांनी फोन ठेवला आणि विचारलं, "फोमचे ड्रम किती आहेत?"

"चार," मी म्हणालो.

"आणि हवेचे सेट?"

"दोन चालू. तिसऱ्याचा व्हॉल्व गळतोय."

मी गाडी काढली. मागे तिघं बसले. गरम व्हायला लागलं होतं आणि आदल्या दिवशीही आम्ही एका गवताच्या गंजीवर सात तास पाणी मारलं होतं.

टँकर वळणावर आडवा पडला होता. मागच्या झाकणातून आणि टाकीला गेलेल्या एका चिरेतून जाड काळं तेल येत होतं. कच्चं तेल, असं काकांनी कागद पाहून सांगितलं. आम्ही पेट्रोलचे, डिझेलचे टँकर पाहिले होते, हे पहिल्यांदाच. ते डिझेलसारखं पळत नव्हतं, काकवीसारखं सरकत होतं. रस्त्याकडेच्या गटारातून ते रस्त्याखालच्या मोरीत उतरत होतं आणि मोरीतून खालच्या ओहोळात. ओहोळाला एप्रिलमध्ये पाणी कुठलं. नुसते दगड, मधे मधे डबकी. त्या दगडांतून तेल वाट काढत खाली चाललं होतं आणि खाली, तीन-चारशे पावलांवर, एक वाडी होती. दहा-बारा घरं.

वास कुजक्या अंड्यांचा होता. काकांनी तो हुंगला आणि सगळ्यांना वारा येत होता त्या बाजूला घेतलं.

"ऐका," ते म्हणाले. "हा वायू विषारी. वास येतोय तोवर ठीक. वास यायचा थांबला की गेला असं समजू नका. नाक मेलेलं असतं. तेव्हा तिथून निघायचं."

टँकरचा ड्रायव्हर केबिनमध्ये अडकला होता. पाय स्टिअरिंगखाली. शुद्धीवर होता आणि हिंदीत एकच विचारत होता, आग लगी है क्या. काकांनी दोन पोरांना हवेचे दोन्ही सेट, पाठीवर हवेची टाकी आणि तोंडाला मास्क, चढवायला लावले आणि केबिनपाशी पाठवलं. तिसऱ्याला फोमच्या ब्रँचवर, म्हणजे होजच्या तोंडाशी, उभं केलं. चार ड्रम फोममध्ये केबिनच्या आजूबाजूचं तेल झाकलं जाईल, एवढाच हिशेब होता. ओहोळासाठी काही उरणार नव्हतं. पंपावर काका स्वतः उभे राहिले. त्यांच्या तोंडाला फक्त ओला रुमाल होता.

"तू खाली जा," ते मला म्हणाले. "चुली विझव. सगळ्या. राब पेटवला असेल तर तो विझव. माणसं त्या माळावर ने, ओहोळाच्या बाजूला एकही नको. कल्याणहून दुसरी गाडी निघालीय, पण ती येईस्तोवर आपणच."

"इथल्या गाड्यांचं?" मी विचारलं. दोन्ही बाजूंना एव्हाना रांग लागली होती. एस.टी., ट्रक, काळ्यापिवळ्या जीपा.

"पोलीस आहे एक. त्याला सांगितलंय, कुणाला इंजिन चालू करू देऊ नको."

मी पाऊलवाटेनं खाली उतरलो.

वाडीत पहिल्यांदा भेटले ते पुरुष. तिघंचौघं ओहोळाकाठी उभे राहून तेल बघत होते. एकाच्या हातात रिकामा डबा होता. तेलाचं काहीतरी होईल, दिवाबत्तीला नाहीतर गाडीच्या चाकाला, असं त्याच्या मनात असणार. मी त्याला डबा ठेवायला सांगितलं. मग मला सुचलं ते बोललो. "बांध घालता येतो ना तुम्हांला? खाली, वाडीच्याही खाली, ओहोळ आडवा बंद करा. माती टाका. हे पुढच्या विहिरीत जाता कामा नये. पण वाऱ्याकडे पाठ करून उभं राहायचं, खाली वाकायचं नाय."

त्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. आयुष्यभर शेताचे बांध घातलेली माणसं ती. फावडी, घमेली घेऊन ते खाली गेले आणि अर्ध्या तासात त्यांनी कमरेएवढा बांध उभा केला. मी इतकी वर्षं या कामात घालवली, पण एवढ्या लवकर एवढं नीट काम करणारी माणसं मला पुन्हा भेटली नाहीत. शेवटी तो बांध टिकला. खालच्या गावाची विहीर वाचली ती त्यांच्यामुळे. हे कुठल्याही कागदावर आलं नाही.

मग मी चुलींकडे वळलो. अकराची वेळ, म्हणजे घरोघरी जेवण शिजत होतं. एका घरात भात अर्धा झाला होता, एका घरात भाकरी तव्यावर होती. मी आत वाकायचो, सांगायचो, आणि सांगून ऐकलं नाही तर हंड्यातलं पाणी स्वतः ओतायचो. एका म्हातारीच्या भातात राख उडाली. ती म्हणाली, "आता पोरांना काय घालू?" मी पुढच्या दारात गेलो. वाडीच्या मागे एक राब धुमसत होता, तो दोन बाप्यांनी हिरव्या डहाळ्यांनी झोडून, माती टाकून विझवला. माझं डोकं ठणकायला लागलं होतं. डोळ्यांतून पाणी येत होतं.

शेवटचं घर ओहोळाच्या अगदी कडेला होतं. कुडाचं, वर कौलं. त्यात एक बाई एकटी राहायची. पंचेचाळीस-पन्नासची असेल. नवरा वारलेला, मुलगी घाटावर दिलेली. हे सगळं मला नंतर कळलं. घराच्या खालच्या अंगाला, ओहोळालाच लागून, तिचा गोठा होता आणि गोठ्यात एक म्हैस.

मी अंगणात पोचलो आणि तेव्हाच ध्यानात आलं की वास येत नाहीये.

मी तिथंच थांबलो. अंगणातूनच हाक मारली. "मावशी, चूल विझवा."

"इजवली," आतून आवाज आला. "लोकांनी सांगितलं तवाच इजवली."

"मग बाहेर या. लगेच."

ती डोक्यावर कळशी घेऊन बाहेर आली, आणि सरळ गोठ्याकडे वळली. मी तिचा हात धरला.

"म्हशीला सोडू दे रे दादा. दाव्याला हाय."

"आधी माणसं. खाली जायचं नाय. तिथं हवा नाय."

"हवा नाय म्हंजे? म्हैस तर उभी हाय."

म्हैस उभी होती हे खरं. मान खाली घालून, तोंडातून लाळ गळत. मी त्या बाईला जवळजवळ ओढतच माळावर नेलं. माळावर मोहाच्या झाडाखाली वाडीतली बाया-पोरं बसली होती. मी मोजायला सांगितलं. सगळी होती.

वर रस्त्यावर, त्याच सुमाराला, आमच्या पोरांनी ड्रायव्हरला बाहेर काढलं होतं. ते मला दिसत नव्हतं. मला दिसत होती फक्त मोरी. गाडीचा स्टार्टर घुरघुरतो तसा आवाज मी ऐकला, एकदा, मग पुन्हा. आणि मग मोरीपाशी धप्प झालं. मोठा आवाज नव्हता. भरलेलं पोतं जमिनीवर टाकावं तसा. मोरीच्या तोंडातून जाळ बाहेर आला आणि ओहोळानं खाली उतरत आला. दगडांवरून, डबक्यांवरून, वळणावर वळत. आमच्यापर्यंत आच आली तेव्हा लोक उठून मागे सरकले.

गोठा आधी गेला. मग तिचं घर. मग शेजारचं एक घर आणि एक गवताची गंजी. म्हैस एकदाच ओरडली. ती बाई माझ्या बाजूला उभी होती. तिनं पदर तोंडात धरला होता आणि ती माझ्याकडे बघत नव्हती.

आग दोन-अडीच तास चालली. कल्याणची गाडी आली, अजून फोम आला. टँकर पेटला नाही, कारण काकांनी तो फोमखाली ठेवला होता. माणूस एकही गेला नाही. ड्रायव्हरचा पाय मोडला, पण तो जगला. साहेब लोकांनी आमची पाठ थोपटली. काका तेव्हा गाडीच्या पायरीवर बसून उलट्या काढत होते. तीन तास त्यांनी ती हवा घेतली होती. पुढे त्यांचा खोकला गेलाच नाही. दोन वर्षांनी त्यांनी मुदतीआधी नोकरी सोडली. मी भेटायला जायचो तेव्हा ते खुर्चीत टेकून बसलेले असायचे आणि जिना चढून आलेल्या माणसासारखं बोलायचे, दोन शब्द, मग थांबून पुन्हा दोन.

महिन्याभरानं चौकशी सुरू झाली. टँकर ज्यांचा होता त्या वाहतूकदाराच्या माणसानं लिहून दिलं होतं की आग वाडीतल्या चुलीमुळे किंवा राबामुळे लागली. ठिणगी रांगेतल्या एका जीपच्या स्टार्टरची, असं आमचं म्हणणं होतं, पण जीप कुणाची, कुणी चालू केली, ते कुणीच सांगत नव्हतं. बंदोबस्ताचा पोलीस त्या वेळी रांगेच्या दुसऱ्या टोकाला होता. जाळ लागल्यावर गाड्या जिकडे तोंड होतं तिकडे पळाल्या होत्या. वाडीची भरपाई त्या एका वाक्यावर अडली. आणि खाली वाडीत फायरचा माणूस एकच होता, तो मी.

कल्याणला तारखा पडायच्या. कधी चौकशीचे साहेब दौऱ्यावर, कधी कागद यायचा राहिलेला, कधी समोरच्या बाजूचा माणूस आजारी. अडीच वर्षांत मी सहा-सात वेळा गेलो. दर वेळी ती बाई आलेली असायची. पहाटेची एस.टी. धरून मुरबाड, मुरबाडहून कल्याण. बरोबर वाडीतला एक जाणता बाप्या. कचेरीच्या बाहेरच्या पायऱ्यांवर ती बसायची, पायांतल्या चपला बाजूला काढून.

"आज व्हईल का रे?" ती विचारायची.

"बघू," मी म्हणायचो.

दुपारी ती फडकं सोडायची आणि त्यातली अर्धी तांदळाची भाकरी माझ्यापुढे करायची. वर सुकट नाहीतर मिरचीचा ठेचा. पहिल्या खेपेला मी नको म्हणालो. मग ती म्हणाली, "मी काय तुला जबाब शिकवीत नाय. खा." तेव्हापासून खात गेलो. म्हशीचं तिनं एकदाही काढलं नाही. घर तिनं वाडीतल्या लोकांच्या हातानं पुन्हा उभं केलं होतं, पहिल्याच पावसाच्या आधी, त्याच जागी. दुसरी जागा तिच्याकडे नव्हती.

शेवटच्या तारखेच्या आधी तो जाणता बाप्या मला चहाला घेऊन गेला. त्यानं कप खाली ठेवला. मग म्हणाला, "आज तुमाला इचारतील, चुली डोळ्यानं बघितल्या का. तुमी हो म्हना. येक शब्द. आमचं काम व्हतं."

"बघितल्या," मी म्हणालो. "तिची सोडून."

"तिनं सांगितलं ना, इजवली म्हनून."

"सांगितलं."

"मग झालं तर."

मी वर गेलो तेव्हा माझं ठरलेलं नव्हतं. खरं सांगायचं तर मी फार थकलो होतो. आदल्या रात्री ड्यूटी होती. मला वाटत होतं काय विचारायचं ते विचारा आणि सोडा. साहेबांनी आधी सगळं विचारलं, वास, वारा, राब, बांध. मी आग मोरीकडून खाली आली असं सांगितलं. ते त्यांनी लिहून घेतलं. मग वाहतूकदाराच्या माणसानं मान वर न करता विचारलं, "वाडीतली प्रत्येक चूल विझलेली तुम्ही स्वतः आत जाऊन पाहिली?"

खोलीत पंखा फिरत होता. दारातून मला पायऱ्या दिसत नव्हत्या, पण ती तिथं आहे हे माहीत होतं.

"एका घरात मी आत गेलो नाही," मी म्हणालो. "बाईंनी चूल विझवली असं सांगितलं, मी त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवला. आजही ठेवतो."

साहेबांनी लिहून घेतलेलं मी सही करताना वाचलं. त्यात शेवटचे दोन शब्द नव्हते. मी ते घाला म्हणून सांगू शकलो असतो. मी सही केली.

निकाल काही आठवड्यांनी आला. आगीचं कारण निश्चित सांगता येत नाही. चूल म्हणून नाही, जीप म्हणून नाही. सरकारी मदत जी व्हायची ती आधीच झाली होती, पत्रे आणि धान्य. बाकी फाइल बंद.

त्या दिवशी मात्र सही करून मी खाली आलो तेव्हा त्या बाप्यानं माझ्याकडे पाहिलं आणि तो पान खायला निघून गेला. त्याला कळलं होतं. ती पायरीवरच बसली होती.

"मी इजवली व्हती," ती म्हणाली.

"माहीत आहे, मावशी."

"तुला नाय माहीत. तू बघितलं कुठं?" ती रागानं बोलत नव्हती. "खरं बोललास त्याचं मला वाईट नाय. पन दोन पावलं आत आला असतास. पानी टाकलेलं लाकूड दिसलं असतं तुला. मी दारातच व्हते, मी काय आडवलं नसतं."

मी तिला त्या विषारी वायूबद्दल सांगू शकलो असतो. नाक कसं मरतं, मी आत का आलो नाही, आत गेलो असतो आणि एवढ्यात जाळ आला असता तर आम्ही दोघंही राहिलो नसतो. हे सगळं खरं आहे. काकांना मी सांगितलं तेव्हा त्यांनीही तेच म्हटलं, बरोबर केलंस, दोन श्वास घेऊन पुन्हा, बरोबर केलंस. पण त्या पायरीवर मला ते बोलवलं नाही. मी तिची पिशवी उचलली आणि आम्ही स्टँडवर गेलो. मुरबाडची गाडी भरलेली होती. तिला बसायला जागा मिळाली, मी उभा राहिलो. ती मुरबाडला दुसऱ्या गाडीत चढली तेव्हा खिडकीतून म्हणाली, "येशील कवा वाडीला." मी हो म्हणालो. नंतर एकदोनदा त्या रस्त्यानं माळशेजला कॉलवर गेलो, पण गाडी थांबवून खाली उतरलो नाही.

पुढे सात-आठ वर्षांनी शहापूरच्या बाजूला, शेणव्याच्या रस्त्यावर, रॉकेलचा एक टँकर शेतात गेला. तिथल्या फायरच्या मदतीला आम्हांला बोलावलं होतं. तेव्हा मी लीडिंग झालो होतो. दोन पोरांना मी टँकरवर ठेवलं आणि घरांकडे स्वतः गेलो, सेट चढवून. आता सेट पुरेसे होते. एका घरातली तरुण बाई दारात आडवी उभी राहिली. सासूनं आत देव बसवले होते, बुटांनी यायचं नाही म्हणाली. "गॅस हाय आमच्याकडं, बंद केलाय. तुमाला खोटं का सांगू?"

मी मास्क बाजूला करून म्हणालो, "खोटं सांगताय असं नाय. मला बघू द्या."

बूट काढले असते तर वेळ गेला असता. मी तसाच आत गेलो. शेगडीची बटणं पाहिली, सिलिंडरचा व्हॉल्व फिरवून बघितला, परसातल्या चुलवणात हात घालून राख चाचपली. गार होती. सगळं तिनं सांगितल्याप्रमाणे होतं. मी बाहेर आलो तेव्हा तिच्या सारवलेल्या जमिनीवर माझ्या बुटांचे ठसे उमटले होते आणि ती ते बघत उभी होती. मी पुढच्या घराकडे गेलो. त्या दिवशी काहीच पेटलं नाही. संध्याकाळपर्यंत रॉकेल दुसऱ्या टँकरमध्ये भरून झालं. लोकांनी आम्हांला चहा दिला.

स्टेशनवर परतल्यावर आठ होज पसरून धुवायच्या होत्या. मी पोरांना झोपायला जा म्हणालो. त्यांना उद्या सकाळची पाळी होती. साबणाचं पाणी घेतलं, ओट्यावर बसलो आणि होज हातभर हातभर पुसत गेलो. रॉकेलचा वास लवकर जातो. कच्च्या तेलाचा जात नाही, त्या जुन्या होज आम्ही शेवटी फेकून दिल्या होत्या.